बिनलाईटीचं चाक

२ मार्च, सोमवार
माझ्या खोलीवर डोळा आहे सुनेचा. स्वतः बोलत नाही, नवऱ्याला पुढे करते. तिला शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम मिळालंय, त्यात माझा काय दोष? जेवणाच्या टेबलावर कापडाचे गठ्ठे, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. आज मुलगा म्हणाला, आई, तुझी कॉट हॉलमध्ये टाकू, मागच्या खोलीत शिलाई मशीन बसवू. हॉलमध्ये टीव्ही. टीव्हीसमोर सोफा. सोफ्यावर हाच मुलगा, घोरत. मी म्हटलं, त्या खोलीत मी फार महत्त्वाचं काम सुरू करतेय. कोणतं, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

३ मार्च
काम सापडलं. मोबाइलवर व्हिडिओ. सायकलच्या चाकाला लोहचुंबक लावले, शेजारी एक मोठा चुंबक उभा केला, चाक फिरायला लागलं. लाईट नाही, तेल नाही, पायडल नाही. थांबतच नाही. करणाऱ्याचं तोंड दिसत नाही, नुसते हात. कामाची माणसं तोंड दाखवत बसत नाहीत.
मुलाला सांगितलं, असं चाक करते, त्यावर बायकोचं मशीन फुकट चालव, स्वयंपाकघरात. खोलीचा विषय बंद. तो म्हणाला, एकोणीस तारखेला दुरुस्तीसाठी दुपारपासून लाईट जाणार आहे. त्या दिवशी चाक चाललं तर खोली तुझी, नाही तर मशीन आत. मी हो म्हटलं. चौथीतून शाळा सुटली माझी, पण शब्द सुटलेला नाही.

५ मार्च
भंगारवाल्याकडे चाक निवडलं. मागच्या चाकाला दात्यांचं चक्कर असतं, फिरवलं की कटकट करतं. घरात एक मुलगा आहे तेवढा पुरे. पुढचं घेतलं. भंगारवाला म्हणाला, आजी, अॅल्युमिनियमची रिम घ्या, हलकी असते. मी चुंबक लावून पाहिला. चिकटेना. असली थंड वस्तू काय कामाची? लोखंडाची घेतली, तिच्यावर चुंबकाने झडप घातली. व्हिडिओत अॅल्युमिनियम आहे. त्याला लोखंड मिळालं नसेल.
सायकलवाल्याने मधल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलून ग्रीस भरलं. विचारलं, सायकल कुठाय? म्हटलं, सायकल लागत नाही. पुढे काही विचारलं नाही. शहाणा आहे.

८ मार्च, रविवार
चुंबक गोळा केले. मोठा, जुन्या स्पीकरमधला. लहान, घरातल्या सगळ्या कपाटांच्या दारांतले. फ्रिजच्या दाराच्या रबरात लांब पट्टी असते चुंबकाची, तीही ओढून काढली आणि तुकडे केले. कपाटं आता आपोआप उघडतात, कपड्यांना हवा लागते. फ्रिजच्या दाराला खुर्ची टेकवलीय. दूध नासलं, पण ते दूधवाल्याचंच वाईट होतं.
सुनेने विचारलं, आई, फ्रिजला खुर्ची कशाला? म्हटलं, उभा राहून दमलाय. ती हसली. मला तिला हसवायचं नव्हतं.

११ मार्च
चाक स्टुलावर आडवं बसवलं, ताटासारखं. खोलीच्या मधोमध, पंख्याखाली. कॉट असल्यामुळे तेवढीच जागा. रिमला चुंबक, शेजारी विटेवर मोठा चुंबक. चाक थोडं फिरलं आणि मोठ्या चुंबकासमोर थांबलं. ढकललं. पुन्हा तिथेच. आमच्या जाऊबाई माझ्या साड्यांच्या कपाटासमोर थांबायच्या तसं.
म्हणजे चुंबकात दम आहे. चाकाला शिस्त नाही.

१३ मार्च
व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्याचे चुंबक तिरके आहेत. आधी नीट सांगायला काय झालं होतं त्याला? तेलाचा डबा कापून पत्र्याच्या रुंद पट्ट्या केल्या, प्रत्येकीला चुंबक चिकटवला आणि चाकाच्या तारांना बांधल्या. सगळ्या एकाच बाजूला तिरक्या. बोट कापलं. सुनेने औषध लावून पट्टी बांधली. पत्रा तिच्या शिवणाच्या कात्रीने कापलाय, हे तिला अजून कळलेलं नाही.

१५ मार्च, रविवार
आज ऐतिहासिक दिवस.
चाक अडकतच होतं, म्हणून मोठा चुंबक जरा लांब सरकवला. कमी अडकलं. आणखी लांब. आणखी कमी. शेवटी खोलीबाहेर, बाथरूमच्या दाराशी नेऊन ठेवला. एवढं वाकून घामाघूम झाले, म्हणून पंखा पाचवर केला आणि कॉटवर बसले. बघते तर चाक हललं. आपलं आपण. आधी सावकाश, मग चांगलं गरगर.
शोध लागला: चुंबक जितका लांब, तितका जोर जास्त. व्हिडिओवाल्याला हे माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं. सासूबाई दुसऱ्या गावी राहायच्या तेव्हाच माझा कामाला हात चालायचा.

१७ मार्च
सकाळपासून फिरतंय. मुलगा आला, गुडघे टेकून वायर शोधली. मी म्हटलं, शोध बाबा, कॉटखालीही शोध. सापडली नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सुनेने वर छताकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे.
संध्याकाळी एकटी आली. म्हणाली, आई, ती एकोणीस तारखेची अट राहू द्या ना. मी भागवते स्वयंपाकघरात, तुमची खोली तुम्हालाच. घाबरली बिचारी. मी म्हटलं, अट ती अट. उपकाराने मिळालेल्या खोलीत मला झोप येणार नाही.

१८ मार्च
शेजारीण, भंगारवाला आणि सायकलवाला यांना उद्याचं बोलावणं केलं. साक्षीदार पाहिजेत. शेजारणीने विचारलं, मी काय आणू? म्हटलं, डोळे घेऊन या.

१९ मार्च, गुरुवार, सकाळ
सगळे जमलेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पंखा पाचवर, एवढ्या माणसांत गुदमरायला होतं. चाक मस्त फिरतंय. सायकलवाला म्हणाला, ग्रीस माझं आहे. श्रेय घ्यायला सगळे पुढे.

१९ मार्च, दुपार
लाईट गेली. चाक थांबलं.

१९ मार्च, संध्याकाळ
एकदम नाही थांबलं. पंखा मंदावला, मागून चाक मंदावलं. दोघं जोडीने थांबले. भंगारवाला वर बघत राहिला. शेजारीण म्हणाली, होतं असं. काय होतं असं? तिने आयुष्यात कधी चाक केलंय? मुलगा हसला नाही. हसला असता तर मी त्याला सोललं असतं, तेवढीही सोय ठेवली नाही त्याने. सून म्हणाली, मी सगळ्यांना चहा टाकते.

२२ मार्च, रविवार
हॉलमधून लिहितेय. मुलगा घोरतोय.
माझी कॉट मीच ओढून आणली. सून दारात आडवी उभी राहिली होती, तिला बाजूला केलं. तिचं मशीन आत गेलं, गठ्ठे आत गेले, आज टेबलावर जेवलो. चाक मात्र तिने हलवू दिलं नाही. मशीन भिंतीला लावलं, मधे स्टूल तसंच. शिवताना पंखा लावते आणि चाक दिवसभर फिरतं. मघाशी म्हणाली, आई, चाक तुमचं छान चालतंय हं. मी म्हटलं, चालणारच, मी केलंय.
म्हणजे चाकात खोट नाही. खोट एकोणीस तारखेत आहे. चालत्या चाकावर लाईट काढायची नसते, एवढं त्या लाईटीच्या ऑफिसातल्या लोकांना कळू नये? उद्या तक्रार लिहून देणार. उत्तर तिथल्या सगळ्यात मोठ्या साहेबाने द्यायचं, सहीनिशी. खांबावर चढणाऱ्याला पाठवलेलं चालणार नाही, आणि माझ्या मुलाने मधे बोलायचं नाही.