एकदा म्हणजे हो

३ जानेवारी
माजी सैनिकांचा सत्कार, आणि यंदा आपल्याच गावात! शाळेचे हेडमास्तर दारात उभे राहून यांच्या कानाशी ओरडत होते. सगळेच ओरडतात. तोफखान्यात गेलेले कान, आवाज चढवून काय परत येणार आहेत? शेवटी मी पाटीवर लिहून दाखवलं. हे म्हणाले, "भाषण जमायचं नाही." हेडमास्तर म्हणाले, "भाषण नको हो! पोरं प्रश्न विचारतील, यांनी फक्त हो-नाही म्हणायचं. गावातून भरतीला कोणी जाईना, जरा पोरांना स्फुरण चढू दे."

स्टेजवर आपलं नेहमीचंच करायचं ठरलं. मी शेजारी, यांचा हात माझ्या हातात. मी एकदा दाबला की यांनी 'हो' म्हणायचं, दोनदा दाबला की 'नाही'. लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे असंच निभावतं. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे!

५ जानेवारी
पुतण्या आला होता. भरतीचं खूळ घेतलंय डोक्यात, पण आईला सोडून जायचं म्हटलं की पाय अडखळतो. थोरल्या जाऊबाईंना तो एकुलता एक, आणि दीर तर कधीच गेले. पाटीवर लिहिलं — काका, जाऊ का? तुम्ही म्हणाल तसं.

यांनी वाचून पाटी पुसून टाकली. "सांगतो," म्हणाले.

तो गेल्यावर मी आधी खिडक्या लावल्या. यांची कुजबुज चार घरांना ऐकू जाते! "मेलो तरी त्याला जा म्हणणार नाही," म्हणाले. "मी काय पाहून आलोय ते मला माहीत."

९ जानेवारी
अंगाचा नुसता तिळपापड होतोय. गिरणीत चार बायकांत जाऊबाई म्हणतात कशा, "आमच्या भाऊजींचं काय घेऊन बसलात! ही चावी देते, ते बोलतात." बायका फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, आधी आपलं पोर सांभाळा, पळायच्या बेतात आहे. तर म्हणाली, "तुझ्या पोटी एखादं असतं ना, म्हणजे कळलं असतं."

गिरणीवाल्यानंही ऐकलं. दळण तिथंच टाकून आले.

चावी काय? बघतेच.

१० जानेवारी
दळण हे जाऊन घेऊन आले. का टाकलंस, विचारत होते. सांगितलं नाही.

१५ जानेवारी
झाला सत्कार. गणवेश घट्ट झालाय, पोटावरचं बटण उसवून मी पुढे लावून दिलं. मैदान गच्च. एका अंगाला भरतीचं टेबल. पहिल्या रांगेत जाऊबाई, नवी साडी नेसून.

बंदूक जड असते का? एकदा दाबला. "हो!" हशा. भीती वाटायची का? दोनदा. "नाही!" टाळ्याच टाळ्या. (कसलं नाही! अजून झोपेत मला ओढून पलंगाखाली नेतात.)

मग पुतण्या उठला. माईकमागे त्याचं तोंड झाकलेलं, यांना ओठही दिसेनात. "काका, मी भरती होऊ का?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. यांच्याकडे नाही, माझ्याकडे! मांडीवरच हात जोडले, कोणाला दिसू नयेत असे.

मी एकदा दाबला.

"हो!" — खणखणीत. तोफखान्यातला आवाज! पोरगा तडक टेबलाकडे. त्याच्यामागे आणखी तिघं. हेडमास्तर डोळे पुसत होते. जाऊबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. मनात म्हटलं, घे आता चावी!

गोड लागलं. खोटं कशाला लिहू?

१६ जानेवारी
"पोरानं काल काय विचारलं गं?" मी लिहिलं — सैन्याचा अभिमान वाटतो का. "मग त्या टेबलाकडे का गेला?" लिहिलं — तिथं पाण्याचं पिंप होतं. पटलं! हसले. बिचारे.

२ फेब्रुवारी
पुतण्या निरोप घ्यायला आला. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत पाटी त्याच्या हातात — काका, सगळ्यांसमोर 'हो' म्हणालात, म्हणून धीर झाला.

यांनी वाचलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सांभाळून राहा रे." एवढंच. पोरगा हसत गेला.

मग पाटी पुसली, माझ्यापुढे ठेवली, खडू माझ्या हातात दिला. मी तो फळीवर ठेवून दिला. जेवले नाहीत.

५ फेब्रुवारी
हात देत नाहीत. रस्त्यानं पुढे चालतात, हात खिशात.

११ फेब्रुवारी
जाऊबाईंचं दळण गिरणीतच पडून होतं. मी नेलं. दार उघडलं नाही. पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी पाहिलं, तिथंच होतं.

१९ फेब्रुवारी
कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाहेर बसलो, तर यांनी आपण होऊन हात पुढे केला. जीव भांड्यात पडला माझा! किती दिवसांनी! घट्ट धरून बसले.

नवी नर्स आली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "काका, या तुमच्या मिसेस ना?"

मी एकदा दाबला.

"नाही!" — खणखणीत.