सून माझं ऐकत नाही

ता. ३

ती. ताईस बेबीचा सा. न. वि. वि.

तू इंग्रजीची बाई, म्हणून तुलाच साकडं. सुनेला सातवा महिना लागलाय, तरी बाईसाहेब दुकानांच्या पाट्या रंगवायला शिडीवर चढतात. तिला मराठी जेमतेम कळतं, म्हणून परवा शिवणाच्या मशीनवरून उठून मी तिला इंग्रजीतच ठणकावलं, की यू डू नॉट हिअर मी. तिचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी मुलगा सांगतो, ती कान तपासून आली! कान ठणठणीत आहेत म्हणे. आणि बया पुन्हा शिडीवर. पडली-बिडली तर गं? मला घास जात नाही.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
बेबी

ता. ७

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

इतकी हसले, की तुझे भावोजी चहा सांडून धावत आले. अगं वेडाबाई, हिअर म्हणजे नुसतं कानावर पडणं. शेजारचं कुत्रं भुंकतं तेही आपण हिअरच करतो. लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. आणि सांगितल्याबरहुकूम वागणं, ते ओबे. आपण तिन्हींना ऐकणंच म्हणतो, म्हणून हा घोळ. तुला हवंय ओबे, पण तो शब्द सुनेपुढे काढशील तर खबरदार, तो हवालदाराला शोभतो. तू प्लीज लिसन म्हण. मग ती काय म्हणते तेही ऐक. तुला सवय नाही, म्हणून सांगते.

सुनेच्या पाठीवरून हात फिरव. माया आहेच, ती मुरू दे.
ताई

ता. १५

ती. ताईस सा. न.

दुकानापाशी जाऊन प्लीज लिसन म्हटलं आणि काय सांगू! ती खाली उतरली, ब्रश ठेवला आणि माझं रडतकढत मोडकं इंग्रजी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आता तुम्ही लिसन करा. खेळण्यांच्या दुकानाची ही पाटी म्हणजे तिचं स्वतःचं पहिलं काम. सोमवारी दुकान उघडतंय. अर्धवट सोडलं तर पुन्हा कोण बोलावणार, या धास्तीने तिलाही घास जात नव्हता. मला हे ठाऊकच नव्हतं गं. मी आपली ओरडत सुटले होते.

तर तोडगा निघाला. ती खाली खुर्चीत पाय पसरून बसते आणि शिडीवर मी! माझा हात शिवणाचा, रेघ सरळ येते म्हणते. वर घ्या, थांबा, पुसून पुन्हा काढा, असे तिचे हुकूम सुटतात आणि मी निमूट पाळते. ओबे आता नीट समजलं.

मुलगा मात्र खालून ओरडत असतो, की आई, या वयात शिडी कसली, आधी उतर. त्याचं मी फक्त हिअर करते.

लोभ आहेच, त्यावर रंगाचा आणखी एक हात मार.
बेबी