उताराला काडी लावायचा दिवस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे आणि कागदावरसुद्धा खोटं वाकायला नको.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की जिने चढवत नाहीत म्हणून येणं जमत नाही. आमच्या घराला जिना नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा या गुडघ्याबद्दल मला थोडी शंका आहे. भावजींचा खोकला गेला असेल तर कळव, गेला नसेल तरी कळव. आणि हो, तुझं पाकीट या वेळी दोनदा चिकटवल्यासारखं दिसलं. पोस्टमनला विचारलं तर तो नुसता हसला, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो. (हिचं म्हणणं, तूच काहीतरी लिहायचं विसरून पाकीट पुन्हा उघडलं असशील. हिचा स्वभाव पहिल्यापासून भोळा.)

आता मूळ गोष्ट. जंगल खातं आपला उतार जाळणार आहे. नीट वाच, विझवणार नाही, जाळणार. ज्या खात्याने मला चौतीस वर्षं मनोऱ्यावर दुर्बीण देऊन बसवलं, टेकडीवर कुणी विडी पेटवली तरी शिट्टी फुंकायला लावली आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी ‘आग हा शत्रू’ अशी पाटी माझ्याच हाताने रंगवून घेतली, ते खातं मी निवृत्त होऊन सहा वर्षं होतात न होतात तोच म्हणतं की या उताराला आग हवीच होती. मग चौतीस वर्षं मी काय केलं, असं मी विचारलं. त्यावर नव्या अधिकारी बाई (वय तिशीचं, हातात सदा नकाशा, म्हणून सगळे त्यांना नकाशेबाई म्हणतात) फार आदराने म्हणाल्या, की काका, तुम्ही काम अगदी चोख केलंत, तीच तर अडचण झाली आहे. इतक्या आदराने बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सभा शाळेच्या वर्गात झाली. आम्ही सगळे म्हातारे पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. अध्यक्ष म्हणून सुतार, म्हणजे खालच्या घरातल्या म्हाताऱ्या सुताराचा मुलगा. (त्या घराचं नाव काढलेलं तुला खपत नाही, पण मी काय करू, बाकीच्यांनी हात वर केले.) चहा खात्याकडून, बिस्किटं खात्याकडून, तिथेच मी सावध झालो. बाईंचं म्हणणं असं, की पूर्वी या उतारावरून दर दोन-तीन वर्षांनी हलकी आग फिरायची. गवत आणि पाचोळा जळायचा, जाड सालीच्या मोठ्या झाडांना ढिम्म काही व्हायचं नाही आणि मोकळ्या जमिनीत त्यांची रोपं यायची. आता पाचोळा गुडघाभर साठला आहे आणि काटेरी झुडपं वरच्या फांद्यांना टेकली आहेत. तू जिथून फळीवर बसून घसरत यायचीस तिथे शेळीसुद्धा शिरत नाही. पलीकडची टेकडी गेल्या उन्हाळ्यात एका दुपारीत सात घरं घेऊन गेली, ते तुला लिहिलंच होतं. तेव्हा आपण होऊन, दिवस बघून, थोडा थोडा उतार जाळायचा, आणि खातं व गावकरी यांनी मिळून जाळायचा. ‘मिळून’ हा शब्द त्यांनी अकरा वेळा वापरला. माझ्या अनुभवात खातं ‘मिळून’ म्हणतं तेव्हा पाणी आपण वाहायचं असतं. नकाशात आपलं घर लाल रंगात होतं, मी लगेच बोट ठेवलं. लाल म्हणजे जे वाचवायचं ते, असं बाई म्हणाल्या. लाल रंगाने वाचवणारं खातं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि हे तेच खातं ना, ताई, ज्याने आबांना दोन दिवस कचेरीच्या बाकावर बसवून पुन्हा उताराला काडी लावणार नाही असं लिहून घेतलं? आबा त्यानंतर चूलसुद्धा स्वतः पेटवत नसत. त्यांचं नाव कचेरीत कुणी पोचवलं याबद्दल तुझं मत मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं झाली, त्या खालच्या घराचं तू पाणी प्यायली नाहीस, आणि त्यांच्या अंगणावरून जावं लागतं म्हणून माहेरीसुद्धा येत नाहीस.

असो. पहिली चाचणी गेल्या आठवड्यात झाली. मला खालच्या कोपऱ्यावर उभं केलं, पाठीवर पाण्याचा पंप दिला आणि सांगितलं की काका, तुम्ही नुसतं बघा. (नुसतं बघा म्हटल्यावर मी आदल्या दिवशीच दगडामागे दोन ओली पोती लपवून ठेवली होती.) वरच्या अंगाला माती उकरून पट्टा काढला होता, तिथून त्यांनी आग लावली. ती वाऱ्याच्या उलट, गवत चाटत, गुडघ्याएवढी उंच, सावकाश खाली येऊ लागली. ताई, मी उभ्या आयुष्यात इतकी शहाण्यासारखी वागणारी आग पाहिली नाही, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसेना. पुढे काय झालं ते माझ्या हातांनाच माहीत. चौतीस वर्षांची सवय. मी पोती उचलली आणि डावीकडून सुरुवात करून अर्ध्या तासात सबंध ओळ बडवून विझवली. घाम पुसत मोठ्या समाधानाने वळलो, तर पिवळी टोपडी घातलेली चौदा माणसं हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं होतं की मला बाईंनीच सांगितलं असेल, आणि बाईंना वाटलं होतं की मला खाली काहीतरी धोका दिसला असेल.

बाईंनी शांतपणे विचारलं, काका, काय झालं? आता चौदा माणसांसमोर सवय म्हणून सांगायचं? मी म्हणालो, “आजचा दिवस बरोबर नव्हता. आमच्या आबांनी आज काडी लावली नसती.” झालं, बाईंनी वही काढली. वर सुतार म्हणाला, की हो, यांचे वडीलच हा उतार जाळायचे, आमचा म्हातारा शेवटपर्यंत त्यांचं नाव काढायचा. (हे मला फार लागलं. त्याने असं म्हणायचं काही कारण नव्हतं.) आता ठरलं आहे असं, की पुढचा दिवस मी सांगायचा. परवानगी महिनाअखेरपर्यंत आहे, त्यानंतर वारा फिरतो आणि मग कुणी काडी लावू शकत नाही. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आग आपली आपण येईल, आणि उताराखालचं पहिलं घर आपलं.

बाकी ठीक. हिचा नमस्कार. भावजींना काढा द्यावा.

तुझा
धाकटा

ता. क. : मला दिवस ओळखता येत नाही. आबा उतारावरून मूठभर काहीतरी उचलायचे आणि कानाशी धरून चुरडायचे, एवढंच लांबून पाहिलेलं आठवतं. गवत की पाचोळा? आणि आवाज यायला हवा की यायला नको? त्यांच्यामागे ओलं पोतं घेऊन तू फिरायचीस, मी नाही. आठवडाभर मी एकटाच वर जाऊन कानाशी पालापाचोळा चुरडतो आहे आणि सुतार लांबून मोठ्या भक्तिभावाने बघतो आहे. तू ये. हे पत्राने कळण्यासारखं नाही.

ता. क. दुसरा : तू येशील तर खालच्या घरी पाणी पी. त्या म्हाताऱ्याने काही सांगितलं नव्हतं. मनोऱ्याच्या नोकरीसाठी गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, की तुमच्या बाजूला उतार कोण जाळतं. मी बावीस वर्षांचा होतो, नोकरी हवी होती, आणि नुसती समज देऊन सोडतील असं वाटलं. आठ दिवसांनी मी मनोऱ्यावर चढलो, तारखा तुझ्या पाठ असतील. चाळीस वर्षं मी येईल त्याच्यावर संशय घेतला, तू मात्र माझ्यावर कधी घेतला नाहीस. आबांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पहिल्या दिवशी माझा डबा त्यांनीच भरून दिला होता.

ता. क. तिसरा : बस चार वाजता येते. उद्यापासून रोज फाट्यावर उभा राहीन. तुझं पोतं भिजवून ठेवलं आहे.