आजाऱ्यांची यादी

शनिवार, १३ सप्टेंबर
पोचलो एकदाचा! लुइझियानाच्या या टोकाला वादळाने चर्चचं छप्पर नेलं, घंटा तेवढी ठेवली. वर निळी ताडपत्री, बाक उन्हात वाळत घातलेले. नवा फादर आला म्हणून गावाने गंबो, म्हणजे इथला कोळंबीचा दाट रस्सा, केला. मिस ओडीलने (इथे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) तिसऱ्यांदा वाढलं. म्हणाली, इतक्या हडकुळ्या फादरचं देव तरी काय ऐकणार! खूप दिवसांनी हसलो. माझी आई, क्लोतील, याच वादळाच्या पुरात गेली आणि अजून सापडली नाही, हे इथे कुणाला सांगितलं नाही.

रविवार, २१ सप्टेंबर
दर रविवारी दोन याद्या वाचायच्या: आजाऱ्यांची, बरे व्हावेत म्हणून, मृतांची, शांती मिळावी म्हणून. मिस ओडीलचा नवरा युलिस बोटीसकट बुडाला. तिने हट्टच धरला, त्याचं नाव आजाऱ्यांत घ्या. प्रेत नाही तर मेला कसा, फादर? आठवड्यात सहा अंत्यविधी झाले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. घेतलं.

रविवार, २८ सप्टेंबर
युलिसच्या जागी बाकाखाली पाणी. ताडपत्री गळते म्हणावं तर पाऊस नाही. बोट लावून चाखलं. खारट. मिस ओडील आज पावडर लावून आली होती.

रविवार, ५ ऑक्टोबर
आणखी चौघांनी आपली माणसं मृतांतून आजाऱ्यांत हलवून घेतली. त्यांना झोप लागते म्हणे आता. नाही कोणत्या तोंडाने म्हणू? आज पाच जागी पाणी.

रविवार, १९ ऑक्टोबर
कम्युनियनचा पवित्र पाव घ्यायच्या रांगेत एक हात पुढे आला. पांढरा, फुगलेला, बोटांत जाळ्याचा दोर. वर पाहिलं नाही — पाव ठेवला. मिस ओडील म्हणाली, सुधारतोय हो हळूहळू. मला भीती वाटते.

शनिवार, १ नोव्हेंबर
उद्या मृतांचा दिवस. ठरवलं, सगळी नावं परत मृतांत. मिस ओडील ओरडली नाही. दुसऱ्यांदा बुडवणार का त्यांना, एवढंच विचारलं. तुमचं कुणी गेलं असतं तर —
यादी घडी करून खिशात टाकली.

रविवार, २ नोव्हेंबर
घंटा झाली. दारातून पाहतोय. बाक भरलेत, पाणी पायरीपर्यंत — युलिसचं नाव खोडायला पेन उचललं —
एकच जागा कोरडी, रिकामी. पहिल्या बाकावर. माझ्या आधीच्या चर्चमध्ये आई नेहमी तिथेच बसायची, माझं नीट ऐकू यावं म्हणून —
नाही खोडवत. यादीत शेवटी एक ओळ मोकळी आहे —
क्लोती