दोन तिरक्या रेघांच्या मागे

// ३ मार्च, सोमवार, सकाळी ६.१०

// आजपासून जावास्क्रिप्ट. रोज सकाळी एक तास, डोकं ताजं असताना. अठ्ठावीस तारखेपर्यंत अख्खी भाषा खिशात. भांडार विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला अवघड ते काय.

// झालं असं, की शुक्रवारी मीटिंगमध्ये नव्या मॅडमनी विचारलं, जावास्क्रिप्ट कुणाकुणाला येतं? येतं ते इथे, नव्या सिस्टिमवर. बाकीचे नदीपलीकडच्या गोदामात. माझा हात आपोआप वर गेला. मला विचारलंसुद्धा नाही त्याने. मॅडम म्हणाल्या, छान, मग अठ्ठावीसला सुट्या भागांची यादी क्रमाने लावून दाखवा, सगळ्यांसमोर. हसलो.

// मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला गोदामात गेला. पत्र्याचं छप्पर, एक पंखा, दिवसभर बोलायला कुणी नाही. आता तो फोनवरसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. मी तिथे जाणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही.

// ही रोजनिशी मुद्दाम इथे, कोडच्या फाइलमध्ये. शिकवणीच्या पहिल्या धड्यातच दिलंय: दोन तिरक्या रेघांनंतरची ओळ कॉम्प्युटर वाचत नाही. याहून सुरक्षित जागा कुठली? कपाटातली वही बायकोला सापडते.

// ४ मार्च, मंगळवार

// लेकीने फोनवरून सगळं जोडून दिलं. ती परगावी याच धंद्यात आहे. शिकाऊ लोकांसाठी एक ओपन सोर्स प्रकल्प आहे, त्यात सरावाची कामं आणि अल्गोरिदमची उदाहरणं. आपली प्रत घ्यायची, रोज काम करायचं, शेवटी पुश करायचं, म्हणजे फाइल तिकडे पाठवायची. त्यापुढे ती आणखी काहीतरी महत्त्वाचं म्हणून सांगत होती, पण मी हो हो म्हटलं. बापाने किती ऐकून घ्यायचं?

// पुश केल्यावर हिरवा चौकोन मिळाला. म्हणजे पास.

// ७ मार्च, शुक्रवार

// चार हिरवे चौकोन. बबल सॉर्ट. शेजारच्या दोघांची तुलना करायची, चुकीच्या क्रमात असले तर अदलाबदल. एवढंच! दारातल्या चपला-बूट घेऊन करून पाहिलं, लहानापासून मोठ्यापर्यंत. बायको पिशवी घेऊन बाहेर निघाली होती, तिने विचारलं हे काय चाललंय. अल्गोरिदम, म्हटलं. ती म्हणाली, करा, पण जोड्या फोडू नका.

// ऑफिसात पोचल्यावर कळलं, एका पायात काळा, एका पायात तपकिरी. दिवसभर पाय टेबलाखाली.

// ११ मार्च, मंगळवार

// आज पाचावर धारण बसली. एक लूप लिहिला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायचा हुकूम, तो थांबेना. लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागला, खालचा भाग तापला. स्फोट होणार असं वाटून जिना उतरून खाली गेलो आणि वॉचमनजवळ पाऊण तास उभा राहिलो. त्याने विचारलं, काही राहिलंय का वर? माझं सगळंच वर राहिलं होतं.

// बायकोने बटण दाबून बंद करून ठेवला होता. उद्यापासून लूप बंद. लूपशिवायही बरंच करता येत असणार.

// १४ मार्च, शुक्रवार

// माझ्या फाइलच्या पानावर आज एक आकडा आलाय. इश्यू: १.

// भांडारात इश्यू म्हणजे माल बाहेर गेला. माझ्या नावावर काय बाहेर गेलं? आणि स्लिपवर सही कुणाची? बावीस वर्षांत एक गोष्ट शिकलोय, आपण न काढलेली स्लिप उघडायची नाही. उघडली की आपली होते.

// उघडणार नाही.

// १७ मार्च, सोमवार

// यादी लागली! (लूप परत आणावा लागला. वॉचमनला आधीच सांगून ठेवलं होतं.) भागांचे नंबर मी अवतरणचिन्हांत लिहिलेत, नीटनेटके दिसतात. उत्तर आलं: १, १०, १००, २, ३. जरा वेळ बघत बसलो. मग लक्षात आलं, एकवाले सगळे एकत्र ठेवलेत. कॉम्प्युटरची स्वतःची काही पद्धत असणारच, आपण कोण त्याला शिकवणार?

// इश्यू: ६. शेजारी तारेसुद्धा आलेत, एकेचाळीस. तारे चांगल्या कामालाच देतात.

// २० मार्च, गुरुवार

// इश्यू: १४. लेकीचे पाच फोन. उचलले नाहीत, ती बबल सॉर्टचं तोंडी विचारणार. मेसेज केला, काम जोरात.

// मॅडम आज टेबलाजवळ थांबून म्हणाल्या, तयारी कशी आहे? मान हलवली. माझ्या लेकीच्या वयाची बाई, हातात आग विझवायच्या नळकांड्याएवढी पाण्याची बाटली. ती टेबलावर ठेवली की मी दचकतो.

// इथे लिहायला हरकत नाही: मला भीती वाटते. जावा आणि जावास्क्रिप्ट वेगळं असतं हेसुद्धा मला तीन तारखेला कळलं.

// २५ मार्च, मंगळवार

// ऑफिसात लोक एकदम प्रेमाने वागायला लागलेत. शिपायाने न मागता चहा आणला. कॅन्टीनवाल्याने विचारलं, आज जोडी बरोबर ना साहेब? त्याला कसं कळलं? पाय तर टेबलाखाली होते.

// इश्यू: २२. तारे तीनशे बारा. तीनशे लोक उगाच तारे देत नाहीत.

// २८ मार्च, शुक्रवार, दुपारी ४

// संपलं.

// भिंतीवरच्या पडद्यावर यादी आली. १, १०, १००, २, ३. मी कॉम्प्युटरची पद्धत समजावून सांगितली. मॅडम म्हणाल्या, कोड बघू. कोड अकरा ओळी. मग त्या फाइलमध्ये वर वर जात राहिल्या, आणि भिंतीवर हातभर अक्षरांत चपला आल्या, वॉचमन आला, बाटली आली.

// मॅडमनी बाटली टेबलावरून उचलून खाली ठेवली. हळूच.

// "कॉम्प्युटर वाचत नाही हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "या ओळी माणसांसाठीच असतात. आम्ही सगळे दोन आठवडे वाचतोय." मग विचारलं, "तुम्ही इश्यू का उघडले नाहीत?"

// सोमवारपासून गोदाम.

// आत्ता उघडले. इश्यू म्हणजे लोकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. पहिला लेकीचा, चौदा तारखेचा: "बाबा, ही फाइल सगळ्या जगाला दिसतेय. काढा आधी. आणि फोन करा." दुसरा कुणा अनोळखी माणसाचा: "काका, अवतरणचिन्हांत नंबर शब्दांसारखे लागतात, ती काढा, यादी नीट लागेल." तिसऱ्यात तेच. चौथ्यात तेच. एकाने तर ओळसुद्धा लिहून दिली होती. एकाने, भिऊ नका, आम्ही आहोत, असं. सगळं दोन आठवडे तिथेच पडून होतं, आणि मी दार लावून बसलो होतो.

// शेवटचा, सव्विसावा, दाढीवाल्याचा. "पंखे आता दोन आहेत. आवाज दबका नाही रे, फोन जुना आहे. ये."

३१ मार्च, सोमवार, सकाळी ७

परवापासून कागदी वही. शाईने. शनिवारी अवतरणचिन्हं काढली आणि यादी पहिल्या फटक्यात लागली, १, २, ३, १०, १००. बघायला कुणी नव्हतं. लेकीला फोन केला. ती रागावली, मग हसली.

यापुढे मनातलं फक्त या वहीत. वही कपाटात, साड्यांच्या खाली, तिथे कुणी बघत नाही.

गोदामाला निघतोय. बायकोने डबा हातात दिला आणि म्हणाली, बूट बघून घाला, आणि अक्षर जरा मोठं काढत जा, चष्म्यानेही लागत नाही.