पितृपक्षातलं बालवाचनालय

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून इंदिरानगरातल्या मुलांना वाचनाचं वेड लावायचं. आमच्या पुढच्या खोलीत मोफत बालवाचनालय. रिटायर झाल्यावर माणसाने समाजासाठी काहीतरी करावं. पुस्तकं विकत घ्यायची नाहीत. तत्त्व म्हणून. लोकांच्या माळ्यावर ढिगाने पडून असतात. कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, मुलांची जुनी पुस्तकं द्या, घरी येऊन नेईन. छाया म्हणाली, अहो, पितृपक्ष लागलाय, पंधरा दिवस थांबा. बायकोचा स्वभावच भित्रा. मी असलं काही मानत नाही.

१० सप्टेंबर.
रिस्पॉन्स अफाट. कॉलनीतल्या शुभांगीताईंनी पाटावर बसवलं, गंध लावलं. पुस्तकांबरोबर शिधा आणि दक्षिणा दिली, वाकून नमस्कार केला. पुस्तकं त्यांच्या कैलासवासी सासऱ्यांनी जमवलेली. त्यांना पोचू दे, म्हणाल्या. नाशकात समाजकार्याला अजून मान आहे. आणखी चार घरं झाली. सगळीकडे खीर आणि वडे. घरी जेवलो नाही.

११ सप्टेंबर.
सखुबाई आल्या. मखमलाबादहून येऊन आपल्याकडे रोज फुलं टाकतात त्या. पिशवीत नातवाची, गोरक्षाची पुस्तकं. पोरगा मागच्या वर्षी डेंग्यूने गेला. नऊ वर्षांचा होता. म्हणाल्या, "आज त्याचं पित्र हाय, भाऊ. कावळा शिवला नाय. दुसऱ्या पोरांनी ही पुस्तकं वाचली ना, तर त्याला पोचंल." मी शब्द दिला. सर्वपित्रीच्या आत दहा तरी मुलं वाचतील. जास्त बोललो की काय? नाही. दहा म्हणजे काहीच नाही.

१४ सप्टेंबर.
मुलं नाहीत. ढगाळ हवा.
गोरक्षाचं एक पुस्तक चाळलं. नदी कुठे संपते ते शोधायला निघालेल्या पाणमांजराची गोष्ट. कुठूनही उघडा, एकाच पानावर उघडतं. पाणमांजर धबधब्याच्या टोकाशी उभं आहे. इथपर्यंतची पानं हाताळून मळलेली, पुढची कोरी करकरीत. पुस्तकाचा कणा तिथे मोडला असणार. साधं शास्त्र आहे. पुस्तक ढिगाच्या तळाशी ठेवलं.

१६ सप्टेंबर.
पुस्तक ढिगाच्या वर. छायाने आवरताना ठेवलं असेल. ती म्हणते, मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. विसरली असेल.
शेजारची हर्षाली आली! पहिली वाचक! सतरंजीवर टेकली तोच तिची आई धावत आली आणि दंडाला धरून घेऊन गेली. नंतर कळलं, पोरीला डोक्यावरून आंघोळ घातली. छाया म्हणाली, लोकांनी गेलेल्यांच्या नावाने दान केलंय, आणि तुम्ही घरोघर जाऊन ते घेतलंत. कोण पाठवेल पोरांना? मला पटलं नाही. खरा प्रॉब्लेम पब्लिसिटीचा आहे. बोर्ड लहान पडतोय.

१८ सप्टेंबर. दुपारी ३.
बोर्ड मोठा केला. मुलं आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातात.
सतरंजीचा एक कोपरा दबल्यासारखा वाटतो. लहान मूल मांडी घालून बसेल एवढाच. हात फिरवून सपाट केला. चहा पिऊन आलो तर पुन्हा तसाच. भीती वगैरे नाही. खुर्ची दाराजवळ घेतली, वाऱ्यासाठी.
त्या पुस्तकाचं पुढचं पान उलटावं म्हणतो. हात जात नाही. फार वाईट वाटतं. पोराला पुढचं कळलंच नाही.

२० सप्टेंबर.
सखुबाईंनी विचारलं, पोरं वाचत्यात का? झुंबड असते, म्हणालो. त्यांचा चेहरा इतका फुलला की शब्द मागे घेता येईना. उद्या सर्वपित्री, पोरं बघायला येते म्हणाल्या.
प्लॅन: चॉकलेटं वाटायची, दहा मुलं गोळा करायची. अगदी सोपं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री. संध्याकाळी ६.
मुलांनी चॉकलेटं गेटवरूनच घेतली.
सखुबाई आल्या. रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, आज रविवार, सुट्टी. त्या सतरंजीवर बसल्या, तो कोपरा मोकळा सोडून. मी त्यांना कोपऱ्याचं काही सांगितलेलं नव्हतं.
"मंग तुमीच वाचा, भाऊ. मला कुठं वाचता येतंय."
तेच पुस्तक वर होतं. पान उलटलं. पाणमांजर उडी मारतं, खाली आपटत नाही, नदी पुढे वाहतच असते. शेवटपर्यंत वाचलं. खोली इतकी शांत होती की मला मान वर करायचं धाडस झालं नाही. सखुबाईंनी पदराने डोळे पुसले. "आता पोचलं आसंल ना?"
मी शास्त्रीय विचारांचा माणूस. हो म्हणालो. आणि मला ते खरं वाटलं.

बालवाचनालयाची सभासदसंख्या एक. वय अंदाजे पासष्ट, अक्षरओळख नाही. उद्या फुलं टाकून झाली की येणार आहेत. मी वाचायचं. पुस्तक त्यांनी चित्रं बघून निवडून ठेवलंय, त्याला आवडेल असं.