बाबांच्या घशातला कुत्रा

श्यालकमहाशय,

तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचे अनेक आशीर्वाद. (संस्कृत नाटकात राजाच्या मेहुण्याला फारसा मान नसतो, मी देतो आहे, तो मुकाट्याने घे.) तू, तुझी सौ. आणि दवाखान्यातल्या गाई, शेळ्या, मांजरे खुशाल असतील असे धरून चालतो. तुझे रुग्ण स्वतःच्या दुखण्यावर व्याख्यान देत नाहीत, या बाबतीत तू नशीबवान. आमच्याकडेही सर्व ठीक आहे, असे लिहिण्याची रीत असल्यामुळे लिहितो.

आता मुख्य गाऱ्हाणे. माझी डावी चप्पल. हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रोज सकाळी शाळेत शिकवायला निघावे तर उजवी चप्पल दाराशी विरहिणीसारखी एकटी बसलेली असते आणि डावी दिवाणखान्यात तुझ्या तीर्थरूपांच्या हातात असते. हातात म्हणजे अक्षरशः हातात, मोज्यासारखी घातलेली. ती ओल्या फरशीवर घसटत नेली की धावता कुत्रा अचानक थांबल्याचा आवाज येतो. उजवीने येत नाही. मी कारण विचारले तर म्हणाले, “जावईबापू, तुम्ही डाव्या पायावर तिरके पडता. टाच एका बाजूने झिजलीय. तुमची चाल मुळातच कुत्र्याची आहे.” त्यांच्या तोंडून हा गौरव समजायचा असतो, असे तुझी बहीण म्हणते.

झाले असे, की बाबा तरुणपणी ज्या कार्टून स्टुडिओत आवाज काढायला होते (तुझ्या जन्माआधीच तो बंद पडला, म्हणून विस्ताराने सांगतो), त्याच्या फिती एका गोदामात सापडल्या. सगळ्या छोट्या छोट्या, सगळ्या कुत्र्यांच्या. चित्रे शाबूत, आवाज मात्र पार सडलेला. जुन्या फिती सांभाळणाऱ्या एक बाई बाबांना शोधत आल्या, पडदा आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र आमच्या दिवाणखान्यात मांडले आणि म्हणाल्या, “आजोबा, पुन्हा भुंकाल का?” आयुष्यात इतका सुंदर प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

मी आजवर कार्टूनला पोरखेळ समजत होतो. चूक झाली. त्यातला नायक एक लठ्ठ, लोंबत्या कानांचा पहारेकरी कुत्रा. नेमणूक पावाच्या दुकानावर आणि भीती स्वतःच्या सावलीची. तो पळता पळता थांबतो तेव्हा पुढचा अर्धा आधी थांबतो, मागचा अर्धा जरा उशिरा येऊन पोचतो आणि मध्ये सगळा पेटीच्या भात्यासारखा मिटतो. मग शरमून इकडेतिकडे पाहतो, कोणी बघितले तर नाही ना. भयानक आणि हास्य हे दोन रस एकाच भुवईत बसवायला मोठमोठ्या नाटककारांना अंक खर्चावे लागले असते. इथे कोण्या अनाम चित्रकाराने पेन्सिलीच्या एका रेघेत काम उरकले आहे. मागची भिंत पुन्हा पुन्हा तीच येते, तीच खिडकी, तीच कुंडी, आणि तरी तो धावतो आहे यावर माझा पूर्ण विश्वास बसतो. (माझ्या नोकरीचेही वर्णन असेच करता येईल, पण ते असो.)

बाबांचे कसब तर विचारू नकोस. कान फडफडायला ओला रुमाल, शेपटी आपटायला गुंडाळलेली सतरंजी, आणि हुंगणे, गुरगुरणे, भुंकणे सर्व स्वतःचे. पावाच्या दुकानात शिरणाऱ्या चोरावरचे भुंकणे वेगळे आणि चोर ओळखीचा निघाल्यावरचे वेगळे. इतके हुबेहूब, की एका दुपारी इमारतीचे सेक्रेटरी पाळीव प्राण्यांचा नियम घेऊन दारात उभे. “कुत्रा कुठाय?” बाबा चप्पल घातलेला हात वर करून म्हणाले, “मीच.” सेक्रेटरींनी पलंगाखाली वाकून पाहिले, मोरीत पाहिले, मग पडद्याकडे पाहिले आणि खुर्ची ओढली. आता ते रोज येतात. दुकानाचे शटर पाडण्याचा आवाज त्यांच्याकडे आहे आणि तो जमत नाही म्हणून बाबांच्या शिव्या खातात, आनंदाने.

फक्त शेवटची फीत राहिली आहे. तिच्यात मालक दुकान सोडून जातो, कुत्रा बंद दारासमोर बसतो आणि मान वर करून एक लांब हेल काढतो. बाकी काही घडत नाही. बाबा परवा त्यासाठी उभे राहिले. पडद्यावर कुत्र्याने तोंड उघडले, बाबांनीही उघडले, आणि फरशीवरून खुर्ची ओढावी तशी एक खरखर बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. तेवढीही नाही आली. “यंत्र बिघडलंय,” बाबा म्हणाले. बाईंनी यंत्राकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. “हो, बिघडलंय खरं,” म्हणाल्या आणि बंद केले. सेक्रेटरी शटरला तेल घालायचे निमित्त काढून उठले.

तर असे आमचे कलाजीवन. तुझ्या बहिणीने तुला लोकरीची टोपी विणायला घेतली आहे. आकार पाहता ती तुझ्या एखाद्या बैलाला होईल. कळावे.

तुझा मेहुणा

ता. क. : आवाज मधूनमधून बसायला लागल्याला तसे बरेच दिवस झाले. डॉक्टरचे नाव काढले की बाबा म्हणतात, “हा कुत्र्याचा घसा आहे, माणसांच्या डॉक्टरला काय कळणार त्यातलं? माझा मुलगा आला तर दाखवीन. त्याचं शिक्षण तरी त्यातलं आहे.” तेव्हा रजा काढ. येताना तुझा तो घशाचा डॉक्टर मित्र बरोबर आण. मोठ्या कुत्र्यांच्या आवाजातला तज्ज्ञ म्हणून ओळख करून देऊ. खोटे बोलण्याचे पाप माझ्या नावावर घालावे.

ता. क. दुसरा : काल जेवताना बाबांना पाणी हवे होते, तर त्यांनी हाताने खूण केली. तुझी बहीण हसली. तिला नक्कल वाटली. घास गिळताना ते मान वळवून डोळे मिटतात, हे तिने अजून पाहिलेले नाही. मी पाहिले आहे आणि तिला सांगितलेले नाही. मला भीती वाटते आहे रे. लवकर ये.